साडेपाच वर्षांची मुलगी दातांच्या खुर्चीत बसतच नाही. मोबाईलवर कार्टून लावावं का?

पुण्याजवळ राहणाऱ्या एका आईचा हा प्रश्न. मुलीच्या खालच्या डाव्या बाजूच्या दोन दुधाच्या दाढा किडल्या आहेत. गेल्या महिन्यात दवाखान्यात नेलं तर खुर्ची बघूनच तिनं रडायला सुरुवात केली आणि तोंड घट्ट मिटून घेतलं. मग दोघांनी हातपाय धरले, कसंबसं तपासून झालं आणि सगळे घामाघूम होऊन घरी परतले. तेव्हापासून ती ब्रश करायलासुद्धा नीट तोंड उघडत नाही. आई विचारते, पुढच्या वेळी मोबाईलवर कार्टून लावून दिलं तर जमेल का? सासूबाई म्हणतात, दुधाचेच दात, पडणारच आहेत, कशाला पोरीला छळता. माझंच काही चुकतंय का?

ताई, तुमचं काही चुकलेलं नाही आणि तुमच्या मुलीचंही नाही. साडेपाच वर्षांच्या मुलीला आडवं केलं, डोळ्यांवर दिवा आला, अनोळखी माणसाचा हात तोंडात गेला आणि आई दिसेनाशी झाली, तर तिनं रडणं हेच स्वाभाविक आहे. मी बालदंतवैद्य आहे. साताऱ्यात बावीस वर्षं फक्त मुलांचेच दात बघते. पहिल्या भेटीत रडलेली आणि नंतर स्वतःहून खुर्चीत चढून बसलेली इतकी मुलं पाहिली आहेत की तुमच्या मुलीबद्दल मला अजिबात काळजी वाटत नाही. घाई तेवढी करू नका.

मोबाईल चालेल. पण त्याचा उपयोग ठरावीक वेळी आणि ठरावीक पद्धतीनंच होतो, आणि तुमच्या मुलीच्या बाबतीत त्याच्या आधी करायच्या दोन-तीन गोष्टी आहेत. त्या न करता नुसता मोबाईल हातात दिलात तर उलटंही होऊ शकतं.

लक्ष दुसरीकडे वळवायची कला आपल्याकडे घरोघरी असते. "हा घास काऊचा, हा घास चिऊचा" म्हणत आपण सगळेच जेवलो आहोत. लसीच्या वेळी "ते बघ विमान!" हेही आपलंच. वरवर दोन्ही सारखं दिसतं, पण मुलाच्या बाजूनं बघा. घास येतोय हे पोराला दिसत असतं. काऊ-चिऊच्या खेळात ते सामील झालेलं असतं आणि तोंड आपणहून उघडतं. विमानाच्या वेळी मात्र ते भाबडेपणानं वर बघतं आणि इकडे दंडात सुई जाते. पुढच्या खेपेला विमान म्हटलं की ते आधी दंड लपवतं. माझं सगळं काम या फरकावर उभं आहे. काय होणार आहे ते मुलाला आधी खरं सांगायचं आणि मग त्याच्या संमतीनं त्याचं मन दुसऱ्या कामात गुंतवायचं. हा क्रम उलटला की एक भेट निभावते आणि पुढच्या दहा बिघडतात.

मन गुंतवल्यानं दुखणं खरंच कमी जाणवतं का? हो. पोळ्या करताना बोटाला तव्याचा चटका बसतो, तेवढ्यात बेल वाजते, पाहुणे येतात, तुम्ही चहापाण्यात अडकता. पाहुणे गेले की बोट ठणकायला लागतं. चटका तोच होता, फक्त त्याच्याकडे द्यायला तुमच्याकडे लक्ष शिल्लक नव्हतं. मॅक्कॉल आणि मॅलॉट या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये या विषयावरचे तोवरचे अभ्यास एकत्र तपासले. काम जितकं जास्त लक्ष खाणारं, तितकं दुखणं कमी जाणवतं असं त्यांना दिसलं. त्याच लेखातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते: हा उपाय सौम्य दुखण्यात चालतो, तीव्र दुखण्यात टिकत नाही. म्हणजे कार्टून ही भुलीची जागा घेऊ शकत नाही. "पोरगं कार्टून बघतंय ना, मग भूल कशाला" असं कुणी म्हणालं तर तिथून उठून या. कीड खोल असेल तर आधी दाढ नीट बधिर झाली पाहिजे. सुईची भीती, मशिनचा आवाज, तोंड उघडं ठेवायचा कंटाळा, आडवं पडल्यावर वाटणारी असहायता, एवढ्यासाठी मन गुंतवायचं असतं.

आता मोबाईलकडे येते. बऱ्याच वर्षांपूर्वी मी खुर्चीच्या वर छताला स्क्रीन बसवून घेतला, तेव्हा मला वाटलं होतं की अर्धा प्रश्न सुटला. चार वर्षांची एक मुलगी आली, कार्टून लागलं आणि ती त्यात पार हरवून गेली. मी मनात म्हटलं, आता कशाला सुईचं नाव काढायचं, हिला कळायच्या आत होऊन जाईल. काही न सांगता सुई दिली. ती अशी दचकली की तिचं डोकं माझ्या हातावर आपटलं. त्या दिवशीचं काम कसंबसं पार पडलं. पुढच्या वेळी ती आली ती हसत, बाहेरच्या टाकीतले मासे बघत, अगदी खुर्चीपर्यंत. मी स्क्रीन लावला आणि कार्टूनचं संगीत सुरू होताच तिनं किंचाळायला सुरुवात केली. घरीही तिनं ते कार्टून बघणं सोडलं होतं, असं तिच्या आईनं नंतर सांगितलं. तिच्या आवडीची एक गोष्ट मी माझ्या हातानं बिघडवली होती. त्यानंतर एकाही मुलाला न सांगता सुई दिलेली नाही.

म्हणून मोबाईल न्यायचा तर असा न्या. कार्टून कुठलं ते मुलीला निवडू द्या, आणि तिनं आधी चार वेळा पाहिलेलं असेल तर उत्तम. नवीन गोष्ट समजून घेण्याच्या नादात ती मान वळवून तुम्हाला प्रश्न विचारत बसते. ते तिथं सुरू करायचं खुर्ची सरळ असताना, ती शांत असताना. रडणं टिपेला पोचल्यावर समोर मोबाईल धरण्यात काही अर्थ नाही, कारण त्या क्षणी तिला ना चित्र दिसत असतं ना आवाज ऐकू येत असतो. दवाखान्यात छताला स्क्रीन नसेल तर मोबाईल तिच्या नाकाच्या रेषेत, हातभर वर धरावा लागतो. बाजूला धरलात तर मान तिकडे वळते आणि डॉक्टरांना दाढच दिसत नाही. दहा मिनिटांत हात भरून येतो, म्हणून आई आणि बाबा दोघं असलेलं बरं. कानात दोन्ही बाजूंनी हेडफोन नकोत. एक कान मोकळा हवा, म्हणजे डॉक्टरांचं बोलणं तिला ऐकू येतं. आणि जाण्याआधी डॉक्टरांशी बोलून ठेवा की तोंड उघडं असेपर्यंत कार्टून चालू राहील, तोंड मिटलं की थांबेल, उघडलं की लगेच परत सुरू. ही शिक्षा वाटता कामा नये, आवाज न चढवता करायचं. तीन-चार वेळा थांबलं की मुलांना हा व्यवहार बरोबर कळतो.

डोळ्यांवर लावायचा व्हीआर चष्मा, म्हणजे डोळे पूर्ण झाकून आत चित्र दाखवणारा, हल्ली बऱ्याच दवाखान्यांत दिसतो. आठ-दहा वर्षांच्या मुलांना तो फार आवडतो. तुमच्या मुलीला मी तो लावणार नाही. लहान चेहऱ्यावर तो जड होतो, नाकावरून घसरतो. शिवाय आधीच घाबरलेल्या मुलीला आजूबाजूचं काहीच दिसेनासं होतं. मलाही तिचे डोळे दिसत नाहीत, आणि मुलगी घाबरायला लागलीय हे मला सगळ्यात आधी डोळ्यांतच कळतं.

माझा अनुभव विचाराल तर नुसतं बघण्यापेक्षा काहीतरी करायला दिलेलं काम जास्त चालतं. कार्टून समोर आपोआप पळत राहतं, मुलाचं मन त्यातून केव्हाही निसटून सुईकडे येऊ शकतं. हातापायांना आणि डोक्याला मिळून काम असलं की निसटायला जागा उरत नाही. कामत यांनी २०१३ मध्ये एक साधी युक्ती प्रसिद्ध केली, ती आम्हा बालदंतवैद्यांमध्ये चांगलीच पसरली. सुईच्या वेळी मुलानं एक पाय थोडा उचलायचा आणि हवेत अक्षरं लिहायची. पैसा नको, यंत्र नको.

दोन वर्षांपूर्वी वाईकडच्या एका गावातून सात वर्षांचा एक मुलगा आजोबांबरोबर आला होता. खालची दाढ काढायची होती, गालाला थोडी सूजही होती. तो रडत नव्हता, पण खुर्चीचा हात इतका घट्ट धरला होता की बोटांची पेरं पांढरी पडली होती. मी अवजारांना हात न लावता घरी कोण कोण असतं ते विचारलं. आई, बाबा, आजोबा, ताई झाले. मग थोडं थांबून म्हणाला, "आणि सर्जा." सर्जा म्हणजे बैल. मग शिंगं कुठल्या रंगानं रंगवता, मारका आहे का, पाणी कोण पाजतं, असं बोलणं झालं. मग मी त्याला सरळ सांगितलं: दाढेजवळ आधी मलम लावणार, ते गोड लागेल. मग औषध देणार, त्या वेळी चिमटा काढल्यासारखं होईल, मी दहा अंक मोजेपर्यंत. मग दाढ झोपी जाईल. तेवढ्यात तू उजव्या पायानं सर्जाचं नाव लिहायचं, मला इथून वाचता आलं पाहिजे.

पाय वर गेला. 'स' काढताना त्याची जीभसुद्धा आत गेली, इतका तो गुंतला. मी सुई पुढे नेली, दुसऱ्या हातानं त्याचा गाल हलवत राहिले. 'जा' काढून तो थांबला. मी म्हटलं, "रफार कुठाय? रफार विसरलास तर सर्जा कसा होईल?" त्यानं पाय आणखी उंच नेऊन रफार दिला. तोवर औषध निम्मं आत गेलं होतं. मोजणी संपली तेव्हा मी त्याला विचारलं, टोचलं का? म्हणाला, "टोचलं, पण थोडंच." हे "थोडंच" मला हवं असतं. काहीच कळलं नाही असं कुणी म्हणावं अशी माझी अपेक्षा नसते. आपल्याला सांगितलं होतं तेवढंच झालं, हे त्याला कळलं की पुढची भेट सोपी जाते.

गाल का हलवत होते तेही सांगते. कोपर दाराला आपटलं की आपण ते चोळतो आणि बरं वाटतं. मेल्झॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये याची उपपत्ती मांडली: स्पर्श आणि दाब यांचे संदेश पाठीच्या कण्यात वेदनेच्या संदेशांची वाट अडवतात. सुई जाते त्याच वेळी गाल किंवा ओठ हलका हलवत राहिला तर टोचणं बोथट होतं. चांगला दंतवैद्य हे न सांगता करत असतो, तुम्ही नीट बघितलंत तर दिसेल.

अक्षरं येत नसतील तर गोल काढायला सांगायचं, किंवा पायाच्या बोटांनी घरातली माणसं मोजायची. श्वासाचे खेळही फार कामाचे. साबणाचे फुगे किंवा भिरभिरं बाहेर बसलेलं असतानाच द्यावं. मोठा फुगा हवा असेल तर हळू आणि लांब फुंकावं लागतं, आणि लांब उच्छ्वासानं छातीतली धडधड खरोखर उतरते. पाच वर्षांच्या मुलीला "दीर्घ श्वास घे" म्हणून काही होत नाही. मोठ्ठा फुगा कर म्हटलं की ती नेमकं तेच करते. हातात पिळायला मऊ चेंडू चालतो. तुमची मुलगी रोज ज्या चादरीचं टोक धरून झोपते ती चादर आणलीत तर सगळ्यात छान, कुठल्याही दवाखान्यातल्या खेळण्यापेक्षा ती बरी.

काही मुलांचं मात्र मन गुंतवायला जाऊ नये, आणि ही गोष्ट फार कमी ठिकाणी सांगितली जाते. काही मुलं बघणारी असतात. काय चाललंय ते दिसलं तरच ती शांत राहतात. कार्टून लावलं तर मान काढून ट्रेकडे बघतात, गाणं लावलं तर "आता काय करताय?" विचारत राहतात. अशा मुलाला मी हातात छोटा आरसा देते आणि क्रिकेटची कॉमेंट्री करावी तसं प्रत्येक गोष्ट आधी सांगत जाते. सुई तेवढी आरशात दिसणार नाही अशी येते, बाकी सगळं उघड. तुमची मुलगी यांतली कुठल्या प्रकारची आहे ते तुम्हाला माहीत असणार. लस देताना ती दंडाकडे टक लावून बघायची, की तुमच्या कुशीत तोंड खुपसायची? हे डॉक्टरांना सांगा, त्यांची अर्धी भेट वाचेल. आवाजाचा किंवा स्पर्शाचा खूप त्रास होणारी मुलं असतात, स्वमग्न मुलं असतात, त्यांच्यासाठी तर कधीकधी स्क्रीन, गाणं, बोलणं सगळं बंद करून, दिवा मंद करून, शांतता देणं हाच उपाय असतो.

आता शब्द. अडेल्स्टन या दंतवैद्यांनी १९५९ मध्ये सांगितलेली "सांगा, दाखवा, मग करा" ही पद्धत आजही आमचा पाया आहे. सांगताना मुलाच्या भाषेत सांगायचं. माझ्याकडे थुंकी ओढणारी नळी म्हणजे हत्तीची सोंड, एक्स-रे म्हणजे दाताचा फोटो, दाढेभोवती लावायचं रबर म्हणजे दाताचा रेनकोट, स्टीलची कॅप म्हणजे चांदीची टोपी. फिरणारा ब्रश आधी तिच्या नखावर फिरवून दाखवते, गुदगुल्या होतात, मग दातावर. ही टोपणनावं फसवणूक नव्हेत, कारण वस्तू तिला दाखवलेली असते आणि ती काय करते तेही सांगितलेलं असतं. "दुखणार नाही हं" हे मात्र कुणी म्हणू नये, डॉक्टरांनीही नाही आणि तुम्हीही नाही. दुखणार हा शब्द तिनं उच्चारलाही नसताना आपण तो तिच्या डोक्यात घालतो, आणि जरासं जरी जाणवलं तरी आपण खोटे ठरतो. आजी-आजोबांनाही प्रेमानं सांगून ठेवा की "दात घासले नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील" हे घरात बंद. वर्षभर ज्या माणसाचा धाक दाखवला, त्याच्यासमोर एक दिवस शहाण्यासारखं तोंड उघड म्हणायचं, हे लेकराला कसं जमावं?

हातपाय धरण्याबद्दल. फार सुजलंय, ताप आहे, थांबणं धोक्याचं आहे अशा वेळी, पालकांना नीट समजावून त्यांच्या संमतीनं मुलाला धरावं लागतं, ते मी नाकारत नाही. पण नुसत्या तपासणीसाठी साडेपाच वर्षांच्या मुलीला धरायची गरज नव्हती. ती तपासणी पुढच्या आठवड्यावर टाकता आली असती. एके काळी रडणाऱ्या मुलाच्या तोंडावर हात दाबून धरण्याची रीत आमच्या पाठ्यपुस्तकांत होती. अमेरिकेतल्या बालदंतवैद्यांच्या अकादमीनं २००६ मध्ये ती आपल्या मार्गदर्शक सूचनांतून काढून टाकली. विद्या बदलते, दवाखान्यांपर्यंत पोचायला वेळ लागतो.

सासूबाईंचं म्हणणं चूक आहे असं त्यांना तोंडावर सांगू नका, पण एवढं सांगा. दुधाचे दात वीस. पुढचे सहा-सात वर्षांच्या सुमारास पडायला लागतात, त्यामुळे "पडणारच आहेत" असं वाटतं. दाढा मात्र नऊ ते बारा वर्षांच्या दरम्यान पडतात. तुमच्या मुलीला त्या दाढांनी अजून चार ते सहा वर्षं जेवायचं आहे. शिवाय सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या शेवटच्या दाढेमागे पहिली कायमची दाढ येते, ती त्याच दाढेच्या आधारानं जागेवर बसते. पुढची आधीच काढून टाकली तर मागची पुढे सरकते आणि खालून येणाऱ्या दाताची जागा खाते. मग बाराव्या वर्षी तारा लावायचा खर्च येतो.

आता तुमच्या मुलीपुरतं बोलू. आधी पाहा की रात्री ठणक्यानं जाग येते का, गालावर किंवा हिरडीवर सूज आहे का, ताप आहे का. यांतलं काही असेल तर पुढे सांगते तो तीन भेटींचा धीराचा कार्यक्रम सोडून द्या आणि दोन दिवसांत बालदंतवैद्य गाठा. दंतवैद्य झाल्यावर आणखी तीन वर्षं मुलांच्या दातांचं शिक्षण घेतलेला डॉक्टर तो बालदंतवैद्य. पुण्या-मुंबईत खाजगी पुष्कळ आहेत. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांतही मुलांचा वेगळा विभाग आहे.

सूज, ठणका नसेल तर पहिली भेट फक्त ओळखीची ठेवा, आणि फोनवरच सांगा की आज काही करायचं नाही. सकाळची वेळ घ्या. शाळेतून दमून आलेली, भुकेली मुलगी संध्याकाळी सहाला कुणाचंच ऐकणार नाही. त्या भेटीत खुर्ची वर-खाली करून बघायची, फवाऱ्यानं ग्लासात पाणी भरायचं, दात मोजायचे. खुर्चीत एकटी बसायला तयार नसेल तर तुमच्या मांडीवर बसू दे. डावा हात वर केला की डॉक्टर थांबतील, हा करार त्याच दिवशी करायचा. आणि मग ती मुद्दाम दोन-तीनदा हात वर करून बघेल, डॉक्टर खरंच थांबतात का ते. त्या प्रत्येक वेळी थांबलंच पाहिजे. माझ्या मते कुठल्याही कार्टूनपेक्षा या हातात जास्त ताकद आहे.

दुसऱ्या भेटीत ब्रशनं साफसफाई आणि फ्लोराइडचा लेप, म्हणजे न दुखणारं पण खरं काम. तिसऱ्या भेटीत दाढ. आम्ही प्रत्येक भेटीनंतर कागदावर एक खूण करतो. मूल किती साथ देतं याची, फ्रँकल यांनी १९६२ मध्ये दिलेली ही चार पायऱ्यांची मोजपट्टी आहे: दोन वजा, एक वजा, एक अधिक, दोन अधिक. तुमच्या मुलीची मागची भेट दोन वजा होती. पुढच्या भेटीत ती एक वजा झाली, म्हणजे कुरकुर केली पण तोंड उघडलं, तरी मी ती भेट यशस्वी धरते. एकदम दोन अधिकची अपेक्षा ठेवून गेलात तर तुमच्याच चेहऱ्यावर निराशा दिसेल आणि मुलगी ती वाचेल.

दाढेला काय करायचं ते एक्स-रेवर ठरेल, पण डॉक्टरांना विचारून ठेवण्यासारखे दोन पर्याय आहेत. कीड फार खोल नसेल तर सुई आणि मशिन दोन्ही न वापरता, कीड आतच बंद करून वर स्टीलची कॅप बसवता येते. स्कॉटलंडमधल्या नोर्ना हॉल या दंतवैद्य बाईंच्या नावानं ही पद्धत ओळखली जाते. दुसरं, सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड नावाचं द्रावण नुसतं लावूनही बऱ्याचदा कीड थांबते. तो भाग काळा पडतो, पण मागच्या दाढेत कोण बघतंय, आणि मुलीची भीड चेपेपर्यंत वेळ मिळतो. सुई लागणारच असेल तर त्याआधी हिरडी कोरडी करून बधिर करणारं मलम लावून किती वेळ थांबता, असं विचारा. एक-दोन मिनिटं तरी थांबायला हवं. लावलं आणि लगेच टोचलं तर त्या मलमाचा काही उपयोग नाही. एवढं सगळं करूनही जमलं नाही तर नाकावरच्या मास्कमधून नायट्रस ऑक्साइड हा वायू देता येतो. मूल जागंच असतं, फक्त सैलावतं, आणि शेवटी पाच मिनिटं शुद्ध ऑक्सिजन दिला की पूर्ववत होतं. मात्र नाकानं श्वास घ्यावा लागतो, त्यामुळे किंचाळणाऱ्या मुलावर त्याचा उपयोग नाही. तिथंही आधी मन जिंकावंच लागतं. खूप दाढा किडलेल्या असतील आणि मूल फार लहान असेल तर रुग्णालयात पूर्ण भूल देऊन एकदम सगळं करणं हा योग्य निर्णय असतो, त्यात आईबापांनी अपराधी वाटून घ्यायचं काही कारण नाही.

आदल्या रात्री फार तयारी नको. चमचा आणि टॉर्च घेऊन बाहुलीचे दात मोजा, मग तिला तुमचे मोजू द्या. प्रश्न विचारला तर खरं आणि थोडक्यात उत्तर द्या. विचारलं नाही तर आपण विषय काढायचा नाही. खुर्चीजवळ तुम्ही बसलात तर हात धरा, पण बोलायचं काम एकाच माणसाचं. डॉक्टर गोष्ट सांगत असताना दुसरीकडून "बाळा घाबरू नकोस, झालंच हं" सुरू झालं की मूल कुणाचंच ऐकत नाही.

भूल दिली असेल तर दोन-तीन तास ओठ आणि गाल बधिर राहतो. त्या वेळात तिच्यावर नजर ठेवा. मुलं गंमत म्हणून ओठ चावतात आणि दुसऱ्या दिवशी तो टम्म सुजतो. गरम काही देऊ नका, बधिरपणा गेल्यावर वरण-भात.

आणि त्या संध्याकाळी घरात ती भेट कशी सांगितली जाते इकडे लक्ष द्या. मुलांची आठवण घट्ट होते ती आपण सांगतो त्या गोष्टीतून. शेजारच्या काकूंना "काय सांगू, किती रडली" असं तिच्यादेखत सांगितलंत तर तिच्या मनात तेवढंच उरतं. रडली असेल तर रडली, ते लपवायचं नाही, पण तिनं काय केलं ते तिला सांगू द्या: हात वर केल्यावर डॉक्टर थांबले ते, हत्तीच्या सोंडेनं पाणी प्यायलं ते. बाबा घरी आले की त्यांना पाटावर बसवा आणि हवेत पायानं तिनं कुठलं नाव लिहिलं ते ओळखायला लावा.